त्याला सांग, पंप बंद कर

नायगावला मी डिप्लोमाच्या मुलांना डेटा स्ट्रक्चर शिकवते. डबली लिंक्ड लिस्ट आली की फळ्यावर तीन चौकटी काढते. प्रत्येक चौकट म्हणजे एक नोड. तिच्यात स्वतःची माहिती असते, शिवाय मागच्याचा पत्ता आणि पुढच्याचाही. म्हणून पहिल्यापासून शेवटापर्यंत जाता येतं, तसंच उलटही येता येतं. पहिल्याच्या मागे आणि शेवटच्याच्या पुढे कोणी नसतं. मधल्याला मात्र दोन्हीकडून धरलेलं असतं. एवढं सांगून मी घाईने डस्टर उचलते.

कारण आमच्या घरात मधली मी आहे. बाबा आणि माझा धाकटा भाऊ निर्मळ गावी एकाच घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. भावाने विहिरीजवळचा आंबा न विचारता तोडला, तेव्हापासून. आई होती तोवर निरोप ती पोचवायची. तिच्या तेराव्याला पाहुणे उठले, आणि बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, केळीला पानी सोड." भाऊ शेजारीच बसला होता. "बाबांना सांग, सोडलंय."

नवा नोड मध्ये घालताना चार पत्ते लिहावे लागतात: त्याचे स्वतःचे दोन आणि शेजाऱ्यांचा एकेक. माझं ते सगळं एका वाक्यात उरकलं. मला विचारलंसुद्धा नाही.

आता फोन वर्गात वाजतो, कुकर लावताना वाजतो. "पोरी, त्याला सांग, पंप बंद कर. केळीत पानी साचलंय." मी भावाला फोन लावते, तर मागे बाबांचा खोकला ऐकू येतो. इतका संताप येतो!

शेवटी ठरवलं, मधून निघायचं. नोड काढायची रीत मीच मुलांकडून घोकून घेते: मागच्याला पुढच्याशी जोडा, पुढच्याला मागच्याशी, मगच मधला काढा. बाबांना बजावलं, "यापुढे तुम्हीच बोला त्याच्याशी." ते कुरकुरले, पण बोलले. मी हुरळून गेले. दुसऱ्याच दिवशी भावाचा फोन. "ताई, बाबांना सांग, पंप केव्हाच बंद केलाय." एकच बाजू जोडली होती. या चुकीला मी मुलांचे अर्धे मार्क कापते.

मग त्यालाही दम भरला. "बघू," म्हणाला. त्यानंतर फोन गप्प. सबंध तास न अडखळता शिकवून झाला, तेव्हा मला चक्क रडू आलं. सुटले होते मी.

रविवारी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून माझ्या लेकीचा आवाज आला. ती पाचवीत आहे. "हो मामा, आजोबांना सांगते. त्यांचाही फोन आला होता ना सकाळी, पंपासाठीच." आपल्यावर मोठं काम सोपवलंय, म्हणून स्वारी खुशीत होती.

ओली चादर तशीच टाकून मी आत गेले. तिच्या हातातून फोन घेतला.

"बोल रे," मी म्हटलं. "काय सांगू बाबांना?"