पाठमोऱ्याने बोललेला वाटा

देव ऐकतो की नाही, या शंकेने मला त्या उन्हाळ्यात फार छळले. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या बाईने असे लिहू नये, पण खोटे कशाला लिहू? ज्या दिवसासाठी मी वर्षभर त्याच्याकडे शब्द मागितले, नेमक्या त्याच दिवशी सकाळी उठले तर माझा आवाजच गेलेला. अंगात ताप होता आणि घशातून नुसता वारा निघत होता. देव्हाऱ्याकडे पाहून मनात म्हटले, वा रे तुझा न्याय.

तो दिवस आमच्या तलावाचा होता. गाव ब्रह्मपुरीकडचे, धानाच्या पट्ट्यातले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ढिवर मंडळी जाळे ओढतात आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर मासळीचे वाटे लावतात, घरामागे एक. कोणाला मरळ आली, कोणाला नुसते झिंगे, यावरून तंटा नको म्हणून जुनी रीत आहे. ज्याला मासळी घ्यायची नाही असा एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. मागून एकेका वाट्यावर काडी टेकवून विचारतात, ‘हा कोणाचा?’ तो त्या त्या घरच्या बाईचे नाव घेतो, कारण मासळी शेवटी तिच्याच गंजात शिजायची. एकदा नाव बोलले गेले की ते फिरत नाही. वाटे कमी पडले, तर सगळ्यांच्या पानातली थोडी थोडी काढून नवा वाटा करतात.

माझे वडील माळकरी, त्यामुळे हे काम त्यांचे. मी लहानपणी त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभी राहायची. आजही ओल्या चिखलाचा वास आला की त्यांचा आवाज कानात येतो. ढिवर मोहल्ला, कुणब्यांची आळी, विहाराजवळची बौद्ध घरे, अशी सगळी नावे ते घ्यायचे, कोणाचेही घर सुटायचे नाही. मला गावातच दिलेले, माळही त्यांचीच घातलेली, म्हणून त्यांच्यानंतर पाठ फिरवून उभे राहणे माझ्याकडे आले.

मग एका मिरवणुकीत भोंगा विहारासमोर अडला. आत वंदना चालू होती. शब्दाला शब्द लागला, तक्रार झाली, पोलिसांची गाडी आली. चूक कोणाची, हे मी इथे सांगत बसत नाही. ज्याला त्याला आपली बाजू पाठ आहे. पण त्या वर्षी, म्हणजे माझा आवाज गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, मच्छीमारांचा म्होरक्या बळीराम याने विहाराकडच्या घरांचे वाटेच लावले नाहीत, आणि मी उभे राहायला नकार दिला. पुढच्या पावसाळ्यात तिकडच्या बाया आमच्याकडे धानाच्या रोवण्याला आल्या नाहीत. त्यांतल्या शेवंताबाई तर बळीरामच्या आईच्या रोवण्यातल्या जोडीदारीण होत्या. आई गेली तेव्हा या मावशीच्याच पदरात तोंड घालून तो रडला होता. आता समोरासमोर आले की दोघेही रस्ता बदलत.

आम्ही बचत गटाच्या काही बाया घरोघरी फिरलो. विहारात जाऊन वंदनेला बसलो, देवळातल्या भजनाला तिकडच्या बायांना बोलावले. चहा सगळ्यांनी पाजला, माघार कोणी घेतली नाही. शाळेच्या व्हरांड्यात सभा ठेवली, तर सतरंजीवर आम्हीच एकमेकींची तोंडे पाहत बसलो. तेव्हा ठरवले की या खेपेला पाळीवर उभे राहायचे, आधी बळीरामसमोर मन मोकळे करायचे आणि मग सगळी नावे घ्यायची. भीती एकच होती. नीट समजावल्याशिवाय नावे घेतली, तर लोक म्हणतील, ही तर त्यांच्या बाजूची. म्हणून तर मी शब्द मागत होते.

आवाज नसताना मी पाळीवर गेले. वाटे लागले होते, ते विहाराकडची घरे सोडूनच. बळीरामने माझी अवस्था पाहिली आणि त्याला हायसे वाटले असावे. आता पाठ कोण करणार, अशी कुजबुज चालू होती, तेवढ्यात रस्त्यावर काळीपिवळी जीप थांबली आणि एक म्हातारबाबा काठी टेकत उतरले. तरण्या पोरांना ते अनोळखी होते. मी चालीवरून ओळखले. बांगड्यावाले चाचा. आमच्या लहानपणी सायकलला पेटी बांधून यायचे, नमाजाची वेळ झाली की या पाळीवरच्या चिंचेखाली रुमाल अंथरायचे. माझ्या लग्नाचा हिरवा चुडा त्यांनीच भरला होता. गुडघे गेल्यापासून बरीच वर्षे त्यांचे येणे बंद होते. आज नातीच्या लग्नाचे तोंडी आवतण द्यायला निघाले होते.

बळीरामने त्यांना चिंचेच्या सावलीत बसवून पाणी दिले आणि म्हणाला, “चाचा, तुमाले तं वाटा न्याचा नाई. तुम्हीच पाठ करा.”

चाचा हसले. “नावं आठवतेत मले, बेटा. सगळ्यांचे हात धरले ना मी.”

ते पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. काडी टेकली, नाव आले. दुसरे आले, तिसरे आले. पुन्हा काडी टेकली.

“शेवंताबाईचा. विहाराजवळची.”

पाळीवर कोणी हलले नाही. चाचांना भांडणाची काहीच खबर नव्हती. त्यांच्या मनातले गाव अजून माझ्या वडिलांच्या वेळचे होते. मी तेच नाव घेतले असते तर तो माझा हट्ट ठरला असता. हा माणूस फक्त आठवत होता. बळीराम काडी धरून तसाच वाकलेला होता. मला तर एक शब्द बोलता येत नव्हता. कोणीतरी हळूच म्हणाले, म्हाताऱ्याले काय मालूम, दुसरं नाव घ्याले सांगा.

बळीराम सरळ झाला. “पाठमोऱ्यानं बोललं. बोललेला वाटा फिरत नाई.”

चाचा पुढे बोलत राहिले. विहाराकडची घरे एकामागून एक येत गेली. वाटे कमी पडले, तेव्हा बळीरामने आधी स्वतःच्या पानातली मरळ काढली. ते पाहून बाकीच्यांनी आपापली पाने पुढे केली.

शेवंताबाईंचा वाटा तो स्वतः घेऊन निघाला. मी मागोमाग गेले. त्यांनी नाकारला तर होते तेही तुटेल, अशी भीती होती. शेवंताबाई दारातच होत्या. त्यांनी पानाकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

“काऊन रे बळीराम, तलावापासून माह्या घरापर्यंत याले दोन उन्हाळे लागले तुले?”

त्याने पान पुढे केले.

“आण इकडं. कच्चा आंबा आहे टाकाले. बस, खाऊन जाय.”

तो उंबऱ्यावर बसला आणि रडला. मीही रडले, आवाजाशिवाय.

सगळे मिटले असे नाही. काही घरे अजून फुगलेली आहेत. पण त्या पावसाळ्यात रोवण्याला दोन्हीकडच्या बाया धानाच्या एकाच बांधीत वाकल्या होत्या. चाचांच्या नातीच्या लग्नाला आम्ही सगळे एकाच जीपमधून गेलो. चाचा पुन्हा गावी आले नाहीत, पुढच्याच थंडीत ते गेले. त्यांना मी शेवटपर्यंत भांडणाचे सांगितले नाही.

आता पुन्हा मीच पाठ करते. उन्हात पाण्याकडे तोंड करून उभी राहते, बाजूला वडील असल्यासारखे वाटते. देवाजवळ आता शब्द मागत नाही. मागून बळीराम विचारतो, ‘हा कोणाचा?’ आणि देव जे नाव ओठांवर आणून ठेवतो, ते मी बोलते.