मोरेश्वर तीनदा मेला

मुंबईच्या रंगभूमीवर मोरेश्वरने बावीस वर्षं भाला धरला. राजाचं काम कुणीही करो, त्याच्या मागे भाला घेऊन उभा तो मोरेश्वर. फार तर ‘महाराज, दूत आला आहे’ एवढं एक वाक्य, आणि मुख्य नट घाईत असला की तेही गाळलं जाई. दिवसा तो कापड निर्यात करणाऱ्या एका कंपनीत कारकून होता. १९८५ साली कंपनीने त्याला योकोहामाला पाठवलं, आणि आपलं काय नुकसान झालं ते रंगभूमीला अजून कळलेलं नाही.

योकोहामात हायाशी-सान नावाच्या शिक्षिकाबाईंचा अकरा जणांचा एक गट होता. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध ही माणसं दर महिन्याला स्टेशनबाहेर सह्या गोळा करत. त्या राजवटीने व्यापारापोटी जपानी लोकांना ‘मानद गोरे’ ठरवलं होतं, आणि या मानाची हायाशी-सानना मनापासून लाज वाटे. त्यांचं पत्रक मोरेश्वरच्या ऑफिसात आलं. सहकाऱ्याने ते वाचून दाखवलं. तळाशी एक ओळ होती : पथनाट्यासाठी नट हवेत. आपली सदसद्विवेकबुद्धी त्या शेवटच्या ओळीने जागी झाली, हे मोरेश्वरने कधी लपवलं नाही. बाकीचं सगळं लपवलं.

म्हणजे असं, की ऑक्टोबर सत्त्याऐंशीमध्ये त्याने स्टेशनबाहेर कैद्याचं काम केलं, ते पाहून माणसं रडली आणि जागच्या जागी चारशे सह्या झाल्या, ही हकिकत तो टोकियोतल्या फुनाबोरीच्या मराठी मंडळींना दर गणपतीत सांगे. पहिल्या वर्षी सह्या चाळीस होत्या. पुढे लोकांनी आग्रह केला तशा त्या वाढल्या.

मग २०११चा भूकंप झाला. हायाशी-सानचं जुनं घर चिरलं आणि ते पाडायचं ठरलं. माडीवर पंचवीस वर्षं साठवलेली गटाची खोकी क्योतोतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात गेली. ती लावायचं काम तिथे पीएच.डी. करणाऱ्या पुण्याच्या विभाकडे आलं. वर्षभराने ती एका वहीची झेरॉक्स आणि एक फॉर्म घेऊन फुनाबोरीत मोरेश्वरच्या दाराशी हजर झाली.

“काका, तुमच्या गटात प्रत्येक कार्यक्रमानंतर हानसेइकाई व्हायची ना?”

व्हायची. सगळ्यांनी चहा घेत बसायचं आणि आज कुणाचं काय चुकलं ते बोलायचं. मोरेश्वरला त्यातला चहा नीट आठवत होता. कोपऱ्यात कुणीतरी लिहून घेत असे, हे मात्र त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. सत्तावीस वर्षं जपानात काढलेल्या माणसाने हे ओळखायला हवं होतं.

विभा जपानीवरून मराठी करत वाचू लागली. “‘प्रयोग तीन मिनिटांचा. कैद्याला गोळी लागते, तो पडतो, शांतता, मग सह्या, असं ठरलं होतं. मोरे-सान पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोरे-सान उठले आणि पुन्हा मेले.’”

स्वयंपाकघरात मोरेश्वरच्या बायकोने, सरिताकाकूंनी, गॅस बंद केला आणि त्या बाहेर येऊन बसल्या.

“‘पुन्हा टाळ्या. मोरे-सान तिसऱ्यांदा मेले, या वेळी गात. कारण समजले नाही. पोलिसांची परवानगी चार वाजता संपली. सह्या शून्य.’”

“वन्स मोअर होता तो,” मोरेश्वर म्हणाला. “टाळ्या पडत असताना नटाने नुसतं पडून राहायचं?”

“अहो, संपलं असं वाटलं म्हणून वाजवल्या असतील बिचाऱ्यांनी,” सरिताकाकू म्हणाल्या. “आणि चारशे सह्या कुठे गेल्या?”



विभाने फॉर्म पुढे केला. “वहीत ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना विचारतोय आम्ही. नाव उघडं ठेवायचं की काळं करायचं. बऱ्याच जणांनी काळं करायला सांगितलंय, काका. तुम्हीही सांगू शकता.”

मोरेश्वरने पेन उचललं ते थेट काळ्याच्या चौकोनाकडे नेलं. मंडळातलं कोण कधी क्योतोला जाऊन वही उघडेल याचा नेम नव्हता. पण हसं होण्याची भीती एवढी मोठी नव्हती. त्या दुपारी शेकडो माणसं समोरून गेली, आणि एकाचीही सही झाली नाही ती त्याच्यामुळे. ज्यांचं सोंग तो वठवत होता ते खरे कैदी त्या दुपारीही आतच होते. हे त्याला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर त्याला गोष्टीत चारशे सह्या लागल्या.

“पुढे काही आहे?” त्याने विचारलं.

“एकच ओळ. ‘यापुढे मोरे-सान, बॅनरचं डावं टोक.’” विभाने पानं उलटली. “आणि मग त्र्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक महिन्यात तेच. मोरे-सान, डावं टोक. बासष्ट वेळा आलंय. पावसातसुद्धा. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत?”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे? एक शब्द बोलायचा नव्हता.”

“मला वाटायचं, महिन्यातून एकदा तुम्ही रविवारी ब्रिज खेळायला जाता,” सरिताकाकू म्हणाल्या.

“डावं टोक धरतो असं सांगू तुला?”

काकूंनी यावर त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“विभा, फक्त ते एक पान काळं करता येईल?”

“नाही, काका. एका माणसाचा एकच फॉर्म. काळं केलं तर बासष्टच्या बासष्ट ठिकाणी काळं होणार. तिथे कुणीतरी उभं होतं एवढंच कळेल.”

मोरेश्वरने पेन काळ्याच्या चौकोनावरून बाजूला घेतलं. मग त्याने ‘उघडं’च्या चौकोनात खूण केली. खाली शेऱ्यासाठी जागा होती. तिथे त्याने मराठीत लिहिलं : ‘सह्या शून्य हे बरोबर आहे. हायाशी-सानची आणि ज्यांच्यासाठी त्या हव्या होत्या त्यांची मी माफी मागतो.’

विभाने फॉर्म घ्यायला हात पुढे केला.

“थांब,” मोरेश्वर म्हणाला. “तिसऱ्या वेळी गाताना माझा वरचा सूर लागला नव्हता. ते नोंदवायचं राहिलंय.”

सरिताकाकूंनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.