मेवण्याच्या मिशीवर जपानी धार
समस्त डिचोलीकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की सूड घाईने उगवू नये, आधी वस्तऱ्याला धार लावावी. ओल्या दगडाचा मातकट वास आला की मला साखळी गावची सासुरवाडी आठवते. तिथे भर पंगतीत मी जपानच्या कारखान्यात बनलेल्या माझ्या धारेच्या दगडांचं कौतुक सांगत होतो. खाणीवर टिपर ट्रक चालवणारा मेवणा सोलकढीचा घोट घेऊन म्हणाला, “भावजी, आमच्या लोखंडाच्या खाणींचे डोंगरच्या डोंगर बोटीने जपानला गेले, आणि तुम्ही तिथून दगड विकत आणता? त्यावर वस्तऱ्याला धार लागली तर माझी मिशी तुमची.” पंगत खदखदून हसली, माझी बायको सगळ्यांत मोठ्याने. मी गोड हसलो. घरी येऊन रोज वस्तरा घासला, आधी खरखरीत दगडावर, शेवटी अगदी गुळगुळीत दगडावर, नुसता टेकताच हातावरचे केस उडेपर्यंत. मग पुढच्या जेवणाला त्याच मंडळींसमोर त्याला खुर्चीत बसवला. शब्द दिलेला, पळणार कुठे? रक्ताचा थेंब न सांडता ती पीळदार मिशी टॉवेलवर उतरली. ते आठवून मी अजून एकटाच हसतो, कारण त्याला आरसा मिळण्याआधीच माझी बायको बोलून गेली, “अरे दादा, तू तर हुबेहूब आई दिसतोस.”