गिरणीच्या ओट्याखालच्या चपला

आज सकाळी बंद पिठाच्या गिरणीच्या ओट्याखाली चपलांचे चार जोड दिसले आणि मला हसू आलं.

त्या ओट्यावर महिनाभरापासून एक बेघर बाई राहते. गेल्या आठवड्यात गल्लीनं मला पुढं केलं. "अण्णा, तुम्ही वयानं मोठे. तिला सांगा, इथनं ऊठ म्हणून." मी तणतणत गेलो आणि तिच्या गोणपाटावर पाय ठेवला.

"ओ आजोबा, चपला बाहेर काढा! आत्ताच झाडलंय."

तिथं ना भिंत, ना दार, तरी मी गपचूप चपला काढल्या. माझी बायको अशीच खेकसायची. ती गेल्यापासून मी चपला घालून पार चुलीपर्यंत जातो, कुणी बोलत नाही. हिचं मात्र गोणपाटावर घर नीट चाललं होतं. अशा बाईला ऊठ कसं म्हणणार? तिनं दिलेलं पाणी पिऊन परत आलो.

"काय अण्णा, सांगितलं का?"

"नाही. ते तिचं घर आहे."

"कुठंय घर?"

"जाऊन बघा की. पण चपला काढा, नाहीतर बोलणी खाल."

आज त्या चार जोडांशेजारी मी माझा लावला. आणि घरी परतल्यावरही चपला उंबऱ्याबाहेरच काढल्या.