थोरल्या जावेचं पहिलं मत

थोरली जाऊ वीस वर्षं बेकरीत पाव भाजत होती, पण मतदानाला कधी गेली नव्हती. “मला वाचता येत नाही, चारचौघांत हसं होईल,” म्हणायची. कॉलेजात शिकवणाऱ्या धाकटीने या वेळी तिला नमुन्याची मतपत्रिका दाखवून चिन्हं ओळखायला शिकवलं.

मतदानाच्या दिवशी थोरली सकाळीच तयार झाली. धाकटी मात्र अंथरुणात लोळत म्हणाली, “जाऊबाई, तुम्ही या जाऊन. माझ्या एकटीच्या मताने काय होणार?”

थोरलीने तिचं पांघरूणच ओढलं. “मला शिकवताना असं नव्हतीस म्हणत! ऊठ आधी.”

धाकटी ओशाळली नि पटकन आवरून निघाली. मत देऊन बाहेर येताच थोरली खुदकन हसली. “एवढंच होतं होय? पुढच्या खेपेला बेकरीतल्या माझ्यासारख्याच न शिकलेल्या तिघींनाही आणते. चिन्हं मीच शिकवीन.”