घरोघरचा करपा

आईच्या वालांचं बी मी राखेत घोळवून मडक्यात ठेवलं होतं. ते ठेवायचं की जाळायचं, हे त्या दिवशी आमच्या अंगणात ठरणार होतं.

माझं माहेर राजापूरकडचं. आई गेली, भावानं तिच्या शेतात काजू लावले. आता तिचे वाल माहेरीही कुणाकडे नाहीत. इथे मी ते पेरले तेव्हा गोड लागतात म्हणून वाडीतल्या बायकांनी मूठमूठ मागून नेले. पुढच्या हंगामात, भात कापल्यावर, सगळ्यांच्या मळ्यात घरच्या जुन्या वालांशेजारी माझेही वाल उभे राहिले. मध्येच अवकाळी पाऊस झाला आणि करपा पडला. पानांच्या शिरा काळ्या, शेंगांवर खोलगट तांबूस डाग. एक शेत सुटलं नाही.

मी नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. मोठ्या जाऊबाई मात्र थांबणाऱ्यातल्या नव्हेत.

"राजापूरचा आहेर बघा कसा फुललाय मळ्यात!"

मला उत्तर सुचायचं, पण ओठांपर्यंत येऊन परत जायचं. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हाही, मला अजून शिकायचंय, हे मी कुणाला म्हणाले नव्हते.

मग रत्नागिरीहून एक मॅडम आल्या. कडधान्यांवरच्या बुरशीचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी प्रत्येकीच्या शेतातली पानं वेगवेगळ्या पाकिटांत घातली. म्हणाल्या, "वरून सगळा करपा सारखाच दिसतो. पण बुरशीतही जाती असतात. आतून तपासलं की कळतं, कोण कुणाच्या वंशातली."

"म्हणजे कुणाच्या घरातनं आली ता पन कळंल?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"बरंचसं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तिचं बी जाळून टाका, असं कुणीतरी म्हणालं.

"त्या परत येईपर्यंत मडक्याला कुणी हात लावायचा नाय," सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्या बाजूनं बोलल्या की वाडीच्या, मला कळलं नाही. त्यानंतर येता-जाता माझी नजर त्या मडक्यावर जायची. सासूबाईंचीही.

मॅडम परत आल्या त्या दिवशी अंगण भरलं होतं. मी दाराआड उभी. त्यांनी लॅपटॉपवर बुरशीच्या तपासणीचं एक काळं चित्र दाखवलं. त्यात पांढरे पट्टे, एकेका पाकिटाचा एकेक रकाना, वर नाव. "रोग एकाच बियातून पसरला असता तर पट्टे जुळले असते," त्या म्हणाल्या. मी दाराआडून पुढे सरकून माझा रकाना शोधला. मग शेजारचा. जुळत नव्हता. जाऊबाईंचा तिसराच. काकूंच्या एका शेतात तर दोन जाती निघाल्या होत्या.

"इतक्या जाती एका वर्षात येत नाहीत. करपा इथे जुनाच आहे. पावसामुळे त्यानं यंदा जोर धरला."

तिथेच गप्प राहिले असते तर सुटले असते. पण माझा रकाना कोरा नव्हता.

"माझ्या शेतातलं काय?" माझाच आवाज ऐकून मी दचकले.

"तुमच्यातही आहे. निराळी आहे. ती तुमच्या बियाबरोबर आली असणार, पण इतरांच्या शेतात पसरलेली नाही."

"मग? आणलान की नाय?" जाऊबाई उसळल्या.

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही बियाला कुठल्या शेंगा ठेवता?"

"पयल्या. बुंध्याजवळच्या. त्या तोडायच्या नाय, बियाला राखायच्या. तशीच रीत हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझी आईही तेच करायची.

"त्याच मातीला टेकतात. पावसाचा चिखल उडतो तो आधी त्यांच्यावर. डाग आत दाण्यापर्यंत जातो, आणि तोच दाणा तुम्ही पुन्हा पेरता."

 प्रत्येक घरानं आपल्या बियासोबत आपला करपाही राखेत घोळवून जपला होता आणि सुनेच्या हाती दिला होता.

"मग तुज्या मडक्याचा काय करायचा गो?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी मडकं आणून सुपात उपडं केलं. डागाचे दाणे बाजूला काढले, संशय आला तेही काढले. "चांगल्या दिसणाऱ्यातही असू शकतो," मॅडम हळूच म्हणाल्या. उरलं ते जेमतेम ओंजळभर. बाकीचं मी स्वतः चुलीत घातलं. तडतडलं तेव्हा आईचा हात आठवला, पण मी उठले नाही.

संध्याकाळी जाऊबाई स्वतःचं मडकं घेऊन आल्या. "बघ गो जरा. माजं डोळं चालत नाय आता."

यंदा ते ओंजळभर बी मी मळ्यापासून लांब, परसात पेरलंय. रोज सकाळी पानं उलटून शिरा बघते. अजून काळ्या नाहीत. बुंध्याच्या पहिल्या शेंगा काल तोडल्या आणि दाणे आमटीत घातले. सासूबाईंनी वाटी पुन्हा पुढे केली.