घमेल्यातलं पाणी

मी मारकुटा मास्तर होतो. अनगोळातून बेळगावच्या शाळेत चालत जायचो, आणि मी फाटकातून कसा आत शिरतो यावरून पोरं ओळखायची, आज कुणाची तरी सालटी निघणार. पाय फाकवून सावकाश आलो की वर्ग चिडीचूप. त्या दिवशी शुद्धलेखनाच्या एका चुकीला हातावर चार छड्या. कारण मात्र पोरांना ठाऊक नव्हतं. सकाळी परसाकडला बसलो की आतून काचेचा तुकडा ओढत नेल्यासारखं व्हायचं, रक्ताचे थेंब पडायचे आणि पुढं दोन-दोन तास आग थांबायची नाही. खुर्चीवर मी एका कुल्ल्यावर कलंडून बसायचो. एकदा एका पोरानं माझी नक्कल केली, तसाच कलंडून बसला. त्याला मी छडी मोडेपर्यंत मारला, आणि नवी छडी मागवून पुन्हा मारला.

घरीही माझा तोच खाक्या. आमटी अळणी झाली की ताट भिंतीवर. बायको गुंजी गावची, बोलायला कमी. ती भिंत पुसून घ्यायची आणि दुसरं ताट वाढायची. त्या गप्प बसण्याचाही मला राग यायचा.

सगळे म्हणायचे मूळव्याध, म्हणून मीही म्हणायचो. सदलग्याहून बाजाराला येणाऱ्या एका वैदूनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "मास्तर, एकदाच चटका बसंल, मग जल्माची सुटका." त्यानं त्या जागी बिब्ब्याचं तेल लावलं. मी उठून त्याचा गळाच धरला. दोघांनी मला मागं ओढलं नसतं तर त्याचीच जल्माची सुटका झाली असती. झोळी तिथंच टाकून तो पळाला. मी आठ दिवस पालथा पडून होतो, आणि मी उघड्या बुडानं वैदूला कसा भिडलो याच्या गोष्टी गल्लीला पुरल्या.

शेवटी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कानडी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मूळव्याध नव्हे ही. चीर आहे. जुनी झालीय, कडा निबर झाल्यात. कापता येतं, पण आधी सहा आठवडे माझं ऐका." दिवसातून दोनदा, आणि परसाकडला जाऊन आल्यावर लगेच, कोमट पाण्यात पाव तास बसायचं. झोपताना इसबगोल, वर भरपूर पाणी. दुधात तूप. पालेभाजी. वेळ टाळायची नाही, कुंथायचं नाही. "आणि खर्डा साकु, मास्तर! पुरे झाला आता!"

बायकोनं हे सगळं मुकाट्यानं केलं. पहाटे चूल पेटवायची, मोठ्या घमेल्यात पाणी ओतायची, कोपर बुडवून बघायची. माझ्यासाठी बिनतिखटाची भाजी वेगळी शिजवायची. चौथ्या आठवड्यात रक्त थांबलं. आग उरली ती नावाला. राग मात्र होता तसाच होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

एका रविवारी सकाळी मी मागच्या पडवीत घमेल्यात बसलो होतो. दाराच्या फटीतून स्वयंपाकघर दिसत होतं. शेजारच्या दोघी आल्या होत्या, कशावरून तरी खिदळत होत्या. बायको तांदूळ निवडायला पाटावर बसली. सरळ बसली नाही. एका कुल्ल्यावर कलंडली, दात आवळले, डोळे मिटले. हुबेहूब मी! दोघी पुन्हा हसल्या. माझ्या डोक्यात ते वर्गातलं पोर उभं राहिलं. पितळी तांब्या हाताशीच होता. ओला पंचा गुंडाळून मी आत शिरलो आणि तो तिच्या तोंडावर हाणला.

भुवई फुटली. तांदूळ लाल झाले. बायका किंचाळत पळाल्या. मी तांब्या परत उचलला तेव्हा ती म्हणाली, "नक्कल न्हाय वो. मला बी तेच हाय. धाकटी झाल्यापास्नं."

धाकटी तीन वर्षांची होती.

"बोलली का न्हाईस?" मी ओरडलो. ओरडलोच.

"बोलून काय? तुमचं झाल्यावर त्याच पाण्यात बसते मी. लई बरं वाटतंय." तिनं पदर भुवईवर दाबून धरला होता. "मारा न्हाईतर ठेवा त्यो तांब्या. हात दुखंल."

मला माझी किळस आली. उष्ट्या पाण्यात बसून ती बरी होऊ बघत होती, तीही चोरून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं जाऊन मी खोटं बोललो, दुखणं उलटलंय म्हणालो. त्यांनी तपासलं. "भरत आलंय की. औषध कुणाला पाहिजे?" मान खाली घालून सगळं सांगितलं, तांब्यासकट. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तिला तीन वर्षं आणि तुम्हाला सहा महिने. आणि बोंब कुणी मारली हो?"

त्या दिवसापासून चूल मी पेटवली. विहिरीचं पाणी मी शेंदलं, घमेलं घासलं, कोपर बुडवून बघितलं, आणि तिचं बसून होईपर्यंत पोरीला घेऊन रस्त्यावर थांबलो. लोक म्हणाले, मास्तर बायकोचा पाणक्या झाला. म्हणू देत. तिची चीर माझ्यापेक्षा जुनी, सहा आठवड्यांत दाद देईना. तीन महिने लागले. एके दिवशी भाकरी वाढताना ती एवढंच म्हणाली, "आता दुखत न्हाय." मी ताटावरच रडलो.

"बस की गं, माझ्यासंगट जेव," मी म्हणालो.

"असू द्या. उभीच बरी हाय मी."

पुढं किती वर्षं गेली, शाळा सुटली, पोरगी सासरी गेली. बायको ठणठणीत आहे. पण माझ्यासमोर ती तांब्याच्या त्या दिवसानंतर एकदाही खाली बसलेली नाही. मी घरात असलो की चुलीपाशीसुद्धा ओणवी राहून काम करते. म्हणून जेवण झालं की मी परसात जाऊन उभा राहतो. आत पाट सरकल्याचा आवाज आला की मग मी पायरीवर बसतो.